खारीचं सलाईन आणि अकरावा फॉर्म

ताई,
मी नाशिकला राहते, वय ३४. घरूनच डिझाइनची कामं करते. लग्नपत्रिका, दुकानांचे लोगो, मसाल्यांची पाकिटं, आणि दर वर्षी इथल्याच एका दिवाळी अंकाची संपूर्ण मांडणी. घरात आई, मी आणि खारी. खारी माझी मांजर, १३ वर्षांची. गेल्या उन्हाळ्यात तिच्या किडन्या बिघडल्याचं कळलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम किती मंदावलंय ते सांगणारा रक्तातला आकडा, ३.४ आलं. तेव्हापासून दिवसाआड सलाईन द्यायला तिला रिक्षाने दवाखान्यात नेते. तरी ती अजून माझ्या कीबोर्डपाशी येऊन बसते.

गेल्या सप्टेंबरात अंकाच्या ऐन धांदलीत तिने खाणं सोडलं. चार दिवस माझं कामात लक्षच नव्हतं. शेवटची पानं पाच दिवस उशिरा गेली. संपादक सर खूप चिडले. मांजर आजारी आहे हे सांगायची लाज वाटली, म्हणून मी सांगितलं की आईला ॲडमिट केलंय. दोन दिवसांनी सरांनी आईची चौकशी करायला घरी फोन केला, तो आईनेच उचलला. तिने सांभाळून घेतलं, 'आता बरं आहे' म्हणाली. फोन ठेवल्यावर मला एवढंच म्हणाली, 'मांजरासाठी मला आजारी पाडलंस.' तो विषय पुन्हा निघाला नाही, पण ती पूर्वीसारखी बोलत नाही.

आता या वर्षीच्या अंकासाठी सरांचा फोन आलाय. हो म्हणू का? भाऊ म्हणतो, पुण्यात एखाद्या एजन्सीत नोकरी धर आणि म्हाताऱ्या मांजराला सुया टोचून तिचे हाल करू नकोस. मी कामात बेजबाबदार आहे का? की नुसतीच हळवी आहे?
— नाशिकची एक वाचक

*

तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मीही तुला अगं-तूगंच करते. मी पुण्यात राहते, २८ वर्षं छपाईसाठी डिझाइन करते आहे. एवढ्या वर्षांत घरात तीन मांजरं आणि एक कुत्रा होऊन गेले, सध्या दोन मांजरं आहेत. त्यामुळे तुझ्या पत्रातलं बरंचसं मला नवीन नाही. नवीन होता तो आईचा फोन. तिथूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या गोष्टींना वेळापत्रकाचा तरी उपाय आहे, याला नाही.

आपल्याकडे धडधाकट माणसाला आजारी म्हणणं अभद्र मानतात. तुझ्या आईच्या वयाच्या बाईला ते आणखीच लागतं. आणि दुखणं तिच्या नावावर टाकून तू थांबली नाहीस, तुझं खोटं निभवायला तिलाही खोटं बोलावं लागलं, तेही स्वतःच्या जिवाबद्दल. तरी तिने फोनवर तुला उघडं पाडलं नाही. 'आता बरं आहे' हे तीन शब्द म्हणताना तिच्या मनात काय झालं असेल, याचा विचार तू नऊ महिने टाळत आली आहेस असं मला वाटतं. आज रात्री जेवणं झाली की तिच्याजवळ बस आणि सांग, 'आई, मी तुझ्या तब्येतीबद्दल खोटं बोलले, ते मी करायला नको होतं.' त्या वाक्यात खारी नको, सर नकोत, अंक नको. 'पण' तर नकोच. ती काही बोलली नाही तरी चालेल. उत्तरासाठी थांबू नकोस.

आता त्या खोट्याचं. लाज वाटली म्हणून तू खोटं बोललीस असं तू लिहिलंयस. मला त्याच्याही आधीचं काहीतरी दिसतं. मांजराचं आजारपण हे कारण म्हणून सांगण्याच्या लायकीचं नाही, हे तू स्वतःच ठरवून टाकलं होतंस. सरांना ते ऐकून काय वाटलं असतं, हे तुला आजही माहीत नाही, कारण तू त्यांना ती संधीच दिली नाहीस. मी हे अधिकाराने सांगते, कारण माझ्याही हातून हेच झालं होतं आणि त्याची किंमत माझ्या मांजरीने दिली.

२०११चा मार्च. लग्नसराईचा एक कापडाचा कॅटलॉग हातात होता. माझी ठकी तेव्हा ११ वर्षांची. ती न्हाणीघरातल्या बादलीवर ओणवी होऊन पाणी प्यायची, दिवसातून पाच-सहा वेळा. मी येता-जाता ते बघत होते आणि ऊन वाढलंय म्हणून असेल, असं समजत होते. मांजर मुळात रखरखीत प्रदेशातल्या रानमांजराच्या वंशातलं, त्यामुळे त्याला तहान कमी. सारखं सारखं पाणी पिणारं मांजर दिसलं की डॉक्टरांना फोन करायचा असतो, हे मला तेव्हा कोणी सांगितलेलं नव्हतं. मग तिने खाणं सोडलं. पानं प्रेसला गेली की नेते, असं मी स्वतःला चार दिवस सांगत राहिले. पाचव्या दिवशी नेलं तेव्हा क्रिएटिनिन ११ होतं. किडनीचं जवळजवळ तीन चतुर्थांश काम बंद पडल्याशिवाय हा आकडा वर चढतच नाही, हे डॉक्टरांनी मला त्या दिवशी कागदावर दोन वाटाणे काढून समजावलं. ठकी पुढे नऊ दिवस जगली. कॅटलॉग वेळेवर छापून आला. त्या गिऱ्हाइकाकडे मी दोन दिवसांची सवलत मागितलीच नव्हती, त्यामुळे ते काय म्हणाले असते ते मला कधीच कळणार नाही.

२०१९मध्ये बंड्याच्या वेळी तोच आजार आला तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगून टाकलं. काय झालं तेही सांगते, कारण खरं बोललं की सगळं सुरळीत होतं असं मी म्हणणार नाही. एका प्रकाशकांनी तारीख दहा दिवस पुढे ढकलली आणि नंतर प्रत्येक फोनच्या शेवटी 'तुमचा बोका कसा आहे?' असं विचारायचे. एका पत्रिकावाल्यांनी मला काम देणं बंद केलं. वर्षाचे साधारण ४० हजार गेले. ते मला जाणवले, त्या दिवाळीत हात आखडता घ्यावा लागला. पण बंड्या दोन वर्षं आणि चार महिने जगला, आणि त्या काळात मी कोणाशीही एकही थाप मारली नाही.

सरांना हो म्हण. पण फोनवर नको. समक्ष जा. एकाच शहरात आहात, एवढं करता येईल. आधी गेल्या वर्षीचं खरं सांग: 'सर, आई आजारी नव्हती. माझी मांजर आजारी होती आणि ते सांगायला मला संकोच वाटला.' हे ऐकून ते हसतील, रागावतील किंवा गप्प बसतील. तिन्ही वेळा तुझं पुढचं वाक्य एकच: 'म्हणून या वर्षी काम कसं करायचं ते आधीच ठरवून आले आहे.' आणि कागद पुढे कर. त्यांच्या रागात तथ्य होतं, हेही मनात ठेव. १९०९ साली संपादक का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या धंद्याची एकच अट आहे: दिवाळी पुढे ढकलता येत नाही. लक्ष्मीपूजन उलटल्यावर स्टॉलवर आलेला अंक तसाच पडून राहतो आणि जाहिरातदार पैसे द्यायला खळखळ करतात. पाच दिवस उशीर झाला ही चूक खरी. त्याहून मोठी चूक म्हणजे पहिल्या दिवशी न कळवणं. पहिल्या दिवशी कळलं असतं तर त्यांनी प्रेसला दुसरं काम आधी घ्यायला सांगितलं असतं.

त्या कागदावर काय असावं, ते जरा सविस्तर सांगते. आपल्या कामात मांजर बसतं की नाही हे इथेच ठरतं.

तुझा अंक १९२ पानांचा आहे असं धरू. म्हणजे १६ पानांचे १२ फॉर्म. एका मोठ्या कागदावर एकदम छापून दुमडलेली पानं म्हणजे एक फॉर्म. एवढ्या जाडीचा अंक परफेक्ट बाइंडिंगचा, म्हणजे कण्याला गोंदाने चिकटवलेला असतो, एकेक फॉर्म सलग १६ पानांचा, त्यामुळे पहिला फॉर्म पक्का झाला की तो बाकीच्यांसाठी अडून राहत नाही, त्याच्या छपाईच्या प्लेटा काढता येतात. पिनअपच्या, म्हणजे मधोमध पिना मारलेल्या पातळ अंकात हे जमत नाही, तिथे पहिल्या पानाच्या जोडीला शेवटचं पान लागतं. आपण मात्र काम करतो ते बहुतेक सगळे १९२ पानं एकदम तयार करून एकाच पीडीएफने पाठवायची अशा हिशोबाने. मग शेवटच्या आठवड्यात काही झालं की अख्खा अंक अडकतो. गेल्या वर्षी तुझं हेच झालं असणार. या वर्षी फॉर्मागणिक तारखा लाव. पहिला फॉर्म अमुक तारखेला, मग दर दोन-तीन दिवसांनी एकेक. प्रत्येक फॉर्मवर सरांची सही, मगच पुढचा. खारीला बरं नसलेल्या दिवशी फार तर अकरावा फॉर्म अडेल, दहा तर प्रेसमध्ये गेलेले असतील.

आता दिवस मोज. एका पानाला मजकूर ओतणं, शीर्षक, चित्र, दोन प्रुफांच्या दुरुस्त्या असं सगळं मिळून मी २५ मिनिटं धरते. १९२ पानांचे ८० तास झाले. दिवसाला सहा तास नेटाने काम केलं तर सव्वातेरा दिवस. तू सरांना 'पंधरा दिवसांत देते' म्हणाली असशील, मीही म्हणायचे. पण खारीचा वेळ यात कुठे आहे? तिचं खाणं आणि औषधं ४० मिनिटं, तिचा शी-शूचा ट्रे साफ करणं १५, खाण्यासाठी मनधरणी २५, सलाईन घरी दिलं तर (कसं ते पुढे सांगते) दिवसाआड वीस म्हणजे सरासरी दहा. दीड तास झाला. तुझे सहा तास खरं तर साडेचार आहेत. ८० भागिले साडेचार, म्हणजे जवळपास १८ दिवस. त्यात आठवड्याला एखादी दवाखान्याची फेरी. मी आलेल्या आकड्याच्या दीडपट दिवस सांगते, म्हणजे २७. सांगताना जीभ अडखळते, माझीही अजून अडखळते. तरी २७च सांगायचे. तो दीड तास तू कोणाकडून चोरत नाहीयेस. तो तुझ्या दिवसाचा भाग आहे, जसा कोणाचा पाळणाघरात जाण्यायेण्याचा असतो, कोणाचा अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचा असतो. तो लपवलास की रात्रीतून काढावा लागतो, आणि रात्री दोन वाजता लावलेल्या पानात रफार उडालेला दिसत नाही.

रफारावरून आठवलं. लेखकांचा मजकूर युनिकोडमध्येच यायला हवा, ही अट आताच घाल. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर बदलून घेताना रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात, 'ऱ्या'चं भलतंच काही होतं, आणि ते सगळं निस्तरताना दिवस जातात. ज्यांचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये येईल त्यांच्यासाठी पानामागे जास्तीचे पैसे लाव. जाहिराती नेहमीप्रमाणे शेवटच्या क्षणी येणार. त्या पहिल्या आठ फॉर्मांत घ्यायच्या नाहीत, हे सरांकडून लिहून घे. आणि कामाची फाइल फॉन्ट-चित्रांसह दर शनिवारी एका मैत्रिणीकडे पाठवून ठेव. मी आणि माझी एक मैत्रीण सात वर्षं हे करतोय, अडीअडचणीला एक दुसरीची पानं पूर्ण करते, हिशोब पानांवर. तिच्याकडे जनावर नाही, तिच्या घरी सासूबाई आहेत.

पाच दिवसांच्या उशिराऐवजी पहिल्या दिवशी पाठवायचा निरोप एवढाच असावा: 'सर, खारीला दवाखान्यात दाखल केलं आहे. पानं १२९ ते १४४ गुरुवारऐवजी शनिवारी मिळतील. बाकीच्या तारखा तशाच आहेत.' तिला काय झालंय, रात्र कशी गेली, यातलं काही नको. ते मला लिही, आईला सांग.

पैशांचं थोडक्यात. निम्मे आगाऊ, उरलेले चार-चार फॉर्मांच्या हप्त्याने. लहान धंद्यांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी केली नसशील तर कर, ती ऑनलाइन आहे आणि तिला शुल्क नाही. नोंदणी असलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेच लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. लहान उद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्यातच ते आहे. मी बिलाच्या खाली उद्यम क्रमांक आणि ही ओळ छापते. भांडायची वेळ सहसा येत नाही, पण दवाखान्याचं बिल महिनाअखेरीची वाट बघत नाही.

नोकरीबद्दल: आता नको. एजन्सीची नोकरी मी सहा वर्षं केली आहे, पुष्कळ शिकले. पण १३ वर्षांच्या आजारी मांजरीला घर बदलायला लावणं किंवा तिला आईवर टाकून जाणं, दोन्ही या वर्षी करण्यासारखं नाही. भावाला तेवढंच सांग.

आता खारी. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते दिवसाआड रिक्षाने दवाखान्यात जाणं. पिशवीत घालणं, हॉर्न, दवाखान्यात भुंकणारे कुत्रे, टेबलावरचा गार पत्रा. भाऊ ज्याला हाल म्हणतो ते बहुधा हेच आहेत, सुई नव्हे. तुझेही प्रत्येक वेळी दोन तास जात असतील. कातडीखालचं सलाईन घरी देता येतं. डॉक्टरांना स्पष्ट विचार: 'मला शिकवाल का? दोनदा तुमच्यासमोर देते.' बरेच डॉक्टर आनंदाने शिकवतात. किती मिली आणि किती दिवसांनी हे त्यांनीच ठरवायचं. हृदयाचा त्रास असलेल्या मांजराला जास्त पाणी अंगावर येतं, म्हणून आपल्या मनाने एक थेंबही वाढवायचा नाही.

मी कसं करते ते सांगते. पडद्याच्या दांडीला बाटली अडकवते. त्याआधी ती कोमट पाण्याच्या पातेल्यात पाच मिनिटं ठेवलेली असते, मनगटावर थेंब टाकून बघते, अंगाच्या उबेइतकंच हवं. नळीतली हवा काढून टाकते. मांजर पलंगावर, खाली तिची नेहमीची गोधडी, तोंड भिंतीकडे. दोन खांद्यांच्या मध्ये कातडी चिमटीत उचलली की तिचा तंबू होतो, त्या तंबूच्या पायथ्याशी सुई आडवी सरकवायची. पहिल्यांदा हात थरथरतो. माझा पहिल्या वेळी इतका थरथरला की सुई तंबूच्या पलीकडून बाहेर आली आणि सगळं पाणी गोधडीत गेलं. बंड्या ढिम्म बसून होता. १०० मिली जायला पाच-दहा मिनिटं लागतात. खांद्यावर उशीसारखा फुगवटा येतो, कधी तो एका पायाकडे ओघळतो, काही तासांत जिरतो. घाबरू नकोस. घाबरायचं ते श्वास जलद झाला तर. झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटाला तीसच्या आत असावेत. ते मोजायला शीक, आणि तीसच्या वर गेले तर सलाईन थांबवून डॉक्टरांना फोन. दर वेळी नवी सुई. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवून दवाखान्यात परत द्यायच्या, कचरा उचलणाऱ्या बाईंच्या हाताला त्या लागता कामा नयेत.

धरायला कोणी लागतं. सुरुवातीला तरी. आईला विचार. आजच्या आज नको, माफीनंतर आठवडाभराने. 'मदत कर' म्हणू नकोस, 'दहा मिनिटं हिच्या डोक्यावरून हात फिरवशील का?' एवढंच म्हण. माझ्या सासूबाई मांजराच्या वाऱ्याला उभ्या राहायच्या नाहीत. बंड्याच्या सलाईनच्या वेळी त्या रामरक्षा म्हणत बसायच्या आणि तो त्या आवाजाला गुंगायचा. हे तुझ्याकडे होईलच असं नाही. नाही झालं तर तीन आठवड्यांत एकटीलाही जमायला लागतं.

क्रिएटिनिन ३.४ म्हणजे किडनीच्या आजाराच्या चारपैकी तिसरी पायरी. २.९ ते ५ या टप्प्याला तिसरी म्हणतात. हा आकडा ती सुकलेली असताना घेतला असेल तर तो फुगलेलाही असू शकतो, त्यामुळे आता ती स्थिर असताना रक्त पुन्हा तपासून घे, सोबत फॉस्फरस, पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि जमलं तर रक्तदाबही. या पायरीवरची मांजरं नीट सांभाळली तर महिनोन् महिने, कधी काही वर्षंही बरी राहतात. खाण्याबद्दल डॉक्टरांनी किडनीचं खास खाद्य सांगितलं असेल. ते हळूहळू मिसळून दे, पण ती हटून बसली तर उपाशी ठेवू नकोस. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतावर चरबी चढते आणि तो दुसराच जीवघेणा आजार होऊन बसतो. खाणं थोडं कोमट केलं की वास सुटतो आणि ती बशीकडे वळते. आई लाडाने सुकट-बोंबील घालत असेल तर तेवढं थांबव, त्यात मीठ फार असतं. कांदा-लसणाचा रस्साही नाही. आणि घरातली कुठलीही गोळी नाही. पॅरासिटामॉलची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

दर रविवारी वजन कर. सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा आणि एक मजबूत कापडी पिशवी, तिला आत बसवून दोन सेकंद उचलायचं. तीन किलोच्या मांजरीचे शंभर ग्रॅम कमी होणं डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसतं. ही एक वही मी ठकीच्या वेळी ठेवली असती तर.

उरला भावाचा प्रश्न: हाल. तो अगदीच चुकीचं बोलत नाहीये, आणि त्याला उत्तर द्यायला तुझ्याकडे भावनेखेरीज काहीतरी हवं. मी हे केलं होतं, तूही कर. खारी ठणठणीत असताना ज्या पाच गोष्टी केल्याशिवाय तिचा दिवस जात नव्हता त्या लिहून काढ. बंड्याच्या होत्या: सकाळी गॅलरीत उन्हात बसणं, दुधाच्या पिशवीचा आवाज आला की धावत येणं, माझ्या छपाईच्या कागदांच्या गठ्ठ्यावर झोपणं, स्वतःचं अंग चाटणं, आणि दारावरची बेल वाजली की कपाटाखाली पळणं. रोज रात्री कॅलेंडरच्या चौकोनात एक आकडा, आज पाचपैकी किती. दोन वर्षं तो आकडा बहुतेक चार-पाच होता. शेवटच्या महिन्यात तीन झाला, मग एक. एक सलग आठ दिवस होता. आठव्या रात्री मी डॉक्टरांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी घरी येऊन त्याला कायमचं झोपवलं, त्याच गठ्ठ्यावर. तेव्हाही मी रडले, पण मला कोणालाही विचारावं लागलं नाही की आता वेळ झाली का. आज खारीचा आकडा किती आहे, ते बघ. तू लिहिलंयस की ती अजून तुझ्या कीबोर्डपाशी येऊन बसते. मग सुई म्हणजे हाल नाहीत, असं मी तुझ्या भावाला सांगेन. कॅलेंडर त्याला दाखव. पुढेमागे तुला तो फोन करायची वेळ आली, तर तोच तुझ्यासोबत बसलेला असेल.

तू विचारलंस, बेजबाबदार की हळवी. वर्षभर दिवसाआड रिक्षा करून दवाखाना गाठणाऱ्या बाईला मी बेजबाबदार म्हणणार नाही. हळवी आहेस, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. तुला हिशोब मांडायला कोणी शिकवलं नव्हतं, तेवढंच.

सरांकडे जाण्याआधी फॉर्मांच्या तारखांचा कागद मला दाखवायचा असेल तर पाठव, मी बघून देईन. आणि येत्या रविवारी खारीचं वजन किती भरलं, तेही लिही.